सोळा हात पाणी

कैरो शहराजवळ नाईलच्या पात्रात रोदा नावाचे बेट आहे. त्याच्या दक्षिण टोकाला दगडांनी बांधून काढलेली एक खोल विहीर असून तिच्या मध्यभागी संगमरवरी अष्टकोनी स्तंभ उभा आहे. स्तंभावर हातांच्या खुणा कोरलेल्या आहेत. इ. स. ८६१ मध्ये अब्बासी खलिफा मुतवक्किल याच्या आज्ञेने तो उभारला गेला. गिझाचे पिरॅमिड पाहून परतणाऱ्याला त्याचे फारसे कौतुक वाटणार नाही. परंतु ज्यांची हयात जमाबंदीच्या कागदांत गेली, अशा वाचकांनी इजिप्तचा इतिहास या विहिरीपासूनच वाचावयास घ्यावा, असे मला वाटते.

इजिप्तमध्ये पाऊस जवळजवळ नाहीच. इथिओपियाच्या डोंगरांत पडलेले पाणी आषाढापासून भाद्रपदापर्यंत नाईलमधून खाली येई, शेतांवर पसरे, आणि काळा गाळ मागे ठेवून ओसरे. त्या ओलीवर गहू आणि जव पेरीत. म्हणजे पुराची उंची कळली की पिकाचा अंदाज पेरणीपूर्वीच बांधता येई. आपली आणेवारी उभ्या पिकावर ठरते. इजिप्तची पाण्यावर ठरत असे.

हा हिशेब किती जुना असावा? पालेर्मो येथे असलेल्या एका शिलाखंडावर पहिल्या काही राजघराण्यांतील वर्षांची नोंद आहे. कोणत्या वर्षी कोणता उत्सव झाला, कोणती मूर्ती घडविली, गुरांची मोजणी केव्हा झाली, हे सांगून प्रत्येक वर्षाच्या चौकटीखाली पुराची उंची हात, मुठी आणि बोटे यांत दिली आहे. राजाच्या पराक्रमाखाली पाण्याचा आकडा! साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या त्या अनामिक कारकुनाविषयी मला आदर वाटतो. पुढे रोमन ग्रंथकार प्लिनीने बारा हात म्हणजे उपासमार आणि सोळा हात म्हणजे आनंद, असे कोष्टकच देऊन ठेवले. व्हॅटिकनमधील नाईलदेवाच्या मूर्तीवर सोळा बालके खेळताना दिसतात, ती या सोळा हातांचीच होत.

मुसलमानी अमदानीतही सोळाचा मान कायम राहिला. स्तंभावर सोळा हात पाणी चढले की दवंडी पिटे, कैरोच्या कालव्याचा बांध समारंभाने फोडीत, आणि त्या वर्षीचा शेतसारा वसुलीस पात्र ठरे. परंतु आकडा जाहीर होण्यातही धोका होता. पाणी चौदा हातांवर थबकल्याचे कळताच व्यापारी कोठारे बंद करीत आणि धान्य कडाडे. म्हणून दहाव्या शतकात फातिमी खलिफा मुइज्ज याने सोळा हात भरेपर्यंत मोजमाप जाहीर करण्यास बंदी घातली. हेतू चांगला होता. पण लपविलेल्या आकड्याने नदी चढत नाही. शंभर वर्षे उलटण्यापूर्वीच, मुस्तन्सिर याच्या कारकिर्दीत, सुमारे सात वर्षे दुष्काळ पडला. पूर अपुरे होतेच. त्यात सैन्यातील तुर्की आणि आफ्रिकी पथके एकमेकांशी लढत खजिना आणि खेडी लुटीत होती. अखेर बद्र अल्-जमाली याने १०७४ मध्ये कारभार हाती घेतला आणि शेतकऱ्यांना तीन वर्षांची सूट दिली, तेव्हा नांगर पुन्हा चालू झाले.

१८८२ नंतर इंग्रजांचा अंमल आला आणि त्यांच्याबरोबर हिंदुस्थानच्या पाटबंधारे खात्यात तयार झालेले इंजिनियर आले. अस्वानच्या पहिल्या धरणाची आखणी करणारा विल्कॉक्स हिंदुस्थानातच जन्मला होता आणि रुडकीस शिकला होता. ते धरण १९०२ मध्ये पुरे झाले. कापसाला बारमाही पाणी हवे होते. १९१२ आणि १९३३ मध्ये धरणाची उंची वाढविली, आणि दर वेळी न्यूबियातील आणखी गावे पाण्याखाली गेली.

मोठ्या धरणाची कथा वाचकांच्या परिचयाची आहे. कर्जाची बोलणी फिसकटली, २६ जुलै १९५६ रोजी नासर यांनी सुएझ कालव्याचे राष्ट्रीयीकरण केले, आणि १९६० मध्ये सोव्हिएत साहाय्याने काम सुरू झाले. अबू सिंबेलची मंदिरे कापून, शिळा क्रमांकवार रचून, उंचावर पुन्हा उभारली गेली. बुडणाऱ्या प्रदेशाच्या उत्खननास श्री. बी. बी. लाल यांच्या नेतृत्वाखाली भारतीय पथकही १९६१-६२ मध्ये गेले होते. देवळे हलविता आली. सुमारे पन्नास हजार इजिप्ती न्यूबियनांना मात्र खजुरीची झाडे आणि पूर्वजांची थडगी सोडून कोम ओम्बोकडील नव्या वसाहतींत जावे लागले. नदीकाठी वाढलेल्या या लोकांना तेथे नदी दाराशी नव्हती. तरीही धरणाला नुसता दोष देणे न्यायाचे होणार नाही. १९८४-८५ मध्ये इथिओपियात माणसे अन्नावाचून मरत असता इजिप्त त्या जलाशयावर तगला. उलट गाळ धरणामागे अडला, शेतांना विकतचे खत लागू लागले, आणि मुखाकडील किनारा समुद्र खाऊ लागला.

कैरोने शेवटचा पूर १९६४ मध्ये पाहिला. २०२५ मध्ये इथिओपियाने निळ्या नाईलवर आपले प्रचंड धरण सुरू केल्यावर पाण्याचा आकडा आणखी वरच्या हातांत गेला आहे, आणि त्यावरून दोन्ही देशांत वाद चालू आहे. रोदाच्या विहिरीत नदीचे पाणी आणणारे बोगदे बुजविले आहेत. पायऱ्या उतरून आता कोरड्या पायांनी तळापर्यंत जाता येते, आणि सोळाव्या हाताची खूण मान वर करून पाहावी लागते.