ताक्यावरचा दाग आणि वहीतली नोंद

माझे अब्बा रोज कल्याणहून एसटीने भिवंडीला जात. तिथल्या एका पॉवरलूम कारखान्यात ते मेहता होते. कोणत्या लूमवर कोणता दोष आला, हे त्यांनी एका वहीत लिहायला घेतलं. मालकाने विचारलं, "लिहून कापड सुधारणार आहे का?" वही बंद झाली. व्यापाऱ्याकडून ताका परत आला की कारागिराची मजुरी कापायची, एवढीच तिथली पद्धत होती.

मालकाच्या प्रश्नाचं उत्तर पुढे आपल्याच जिल्ह्यात शोधलं गेलं. २००८ मध्ये निकोलस ब्लूम, डेव्हिड मॅकेन्झी आणि त्यांच्या सहकारी अर्थतज्ज्ञांनी तारापूर आणि गुजरातमधल्या उंबरगावच्या कापड गिरण्यांमध्ये एक प्रयोग सुरू केला. तारापूर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं. पालघर जिल्हा २०१४ मध्ये वेगळा झाला. या गिरण्या भिवंडीच्या शेडपेक्षा बऱ्याच मोठ्या, पण मालकी घरचीच. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा काही गिरण्या निवडून त्यांना पाच महिने मोफत सल्लागार दिले. बाकीच्यांची फक्त एक महिना पाहणी झाली.

सल्लागारांनी ३८ साध्या पद्धती शिकवल्या. दोषांची रोज नोंद करायची, तिच्यावर रोज बसून बोलायचं, यंत्रांची देखभाल वेळेवर करायची, सूत आणि सुटे भाग मोजून नीट लावून ठेवायचे. नवी यंत्रं घ्यावी लागली नाहीत. पहिल्याच वर्षी उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली.

मग मालकांनी हे आधीच का केलं नव्हतं? अभ्यासकांना मुख्य कारण सापडलं ते माहितीचा अभाव. काही पद्धती मालकांनी ऐकल्या नव्हत्या, काहींचा उपयोग होईल असं त्यांना वाटत नव्हतं. दुसरी गोष्ट मला जास्त बोचते. मोठे निर्णय घरातल्या पुरुषांच्याच हातात होते. त्यामुळे घरात भाऊ आणि मुलगे किती, यावर धंद्याची वाढ ठरे. बाहेरच्या माणसावर, तो कितीही जाणता असो, भरवसा नव्हता.

२०१७ मध्ये अभ्यासक पुन्हा गेले. शिकवलेल्या पद्धतींपैकी जवळपास निम्म्या सुटल्या होत्या. व्यवस्थापक बदलले होते, मालकांना वेळ नव्हता. तरी या गिरण्या बाकीच्यांपेक्षा पुढेच होत्या.

आपल्यातल्या अनेकांची घरं अशाच छोट्या धंद्यांवर चालतात: लूम, गॅरेज, बेकरी, शिलाई. मजुरी कापल्याने दाग कुणाच्या माथी मारायचा ते ठरतं, तो कशामुळे पडला ते कळत नाही. ते नोंदीतून कळतं. मालकाला तोटा नको असेल आणि कारागिराची मजुरी वाचायची असेल, तर दोघांनाही ती वही हवी.

अब्बांची वही पुन्हा उघडली नाही. तुमच्या दुकानात अशी वही कुणी लिहू पाहत असेल, तर त्याला लिहू द्या. आणि संध्याकाळी त्याच्याजवळ बसून ती वाचा.