शिंपल्यांची बालवाडी

मागच्या बैठकीत आमच्या गटातल्या एका ताईंनी कर्ज मागितलं. कशाला, तर लेकराला शहरातल्या इंग्रजी नर्सरीत घालायला. “अंगणवाडीत नुसतं खेळवतात,” म्हणाल्या. आम्हाला ताराबाई मोडक आठवल्या.

ताराबाईंनी १९२६ मध्ये गिजुभाई बधेकांसोबत नूतन बालशिक्षण संघ काढला. माँटेसोरीबाईंची पद्धत त्यांना पटलेली, पण तिची साधनं महाग. गरिबाच्या लेकरानं काय करावं? १९४५ मध्ये त्या बोर्डीला गेल्या, आताच्या पालघर जिल्ह्यात. सोबतीला अनुताई वाघ. आदिवासी पाड्यावरची लेकरं शाळेत येईनात, तेव्हा या बायांनी शाळाच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी ती हीच. सरकारची योजना आली १९७५ मध्ये!

आणि साधनं? शिंपले, बिया, खडे, पानं. लहान-मोठे शिंपले ओळीनं लावताना नजर तयार होते, बी उचलताना चिमूट. पुढं पेन्सिल याच चिमटीत धरायची असते.

आपल्याकडं समुद्र नाही, पण चिंचोके आहेत, तुराट्या आहेत. डोळे झाकून ज्वारी कोणती, बाजरी कोणती, बोटांनी ओळखायला लावा. पेरणीचं औषध लावलेलं बी मात्र देऊ नका. आणि जवळ बसा, लहानगी चिंचोका नाकात घालतात.

त्या ताईंचा अर्ज आम्ही नाकारलेला नाही. पुढच्या बैठकीपर्यंत ठेवलाय. तोवर त्या रोज तासभर अंगणवाडीत बसणार आहेत, पदरात चिंचोके घेऊन.