संभाव्य ग्राहक यादी

संभाव्य ग्राहक यादी म्हणजे एखादी वस्तू वा सेवा विकत घेण्याची शक्यता असलेल्या व्यवसायसंस्थांची, विक्रीसाठी संपर्क साधण्याच्या हेतूने तयार केलेली पद्धतशीर नोंद होय. व्यवहारात हिला ‘लीड लिस्ट’ असेही म्हणतात. अशा यादीत सामान्यतः संस्थेचे नाव, व्यवसायाचा प्रकार, पत्ता, दूरध्वनी क्रमांक, ई-मेल आणि खरेदीचा निर्णय घेणाऱ्या व्यक्तीचे पद यांचा समावेश असतो. यादी विकत घेता येते, ठरावीक वापरापुरती भाड्याने घेता येते किंवा सार्वजनिक स्रोतांतून स्वतः संकलित करता येते. भांडवल मर्यादित असलेल्या लघुउद्योजकांच्या दृष्टीने तिसरा मार्ग सर्वांत कमी खर्चाचा असतो. मात्र त्यासाठी वेळ व चिकाटी लागते.

इतिहास

व्यापाऱ्यांच्या छापील याद्यांची परंपरा जुनी आहे. लंडनमधील व्यापाऱ्यांची नावे व पत्ते देणारी एक निर्देशिका १६७७ मध्ये प्रसिद्ध झाली होती. अमेरिकेत लुईस टॅपन यांनी १८४१ मध्ये न्यूयॉर्क येथे व्यापाऱ्यांच्या पतविषयक माहितीची संस्था स्थापन केली. पुढे तिचे रूपांतर ‘डन अँड ब्रॅडस्ट्रीट’ या कंपनीत झाले. १८७८ मध्ये न्यू हेवन येथे पहिली दूरध्वनी निर्देशिका निघाली. त्यानंतर व्यवसायानुसार वर्गीकरण केलेल्या ‘यलो पेजेस’चा प्रसार झाला.

याद्यांच्या आधुनिक व्यवसायाच्या उभारणीत भारतीय वंशाचे उद्योजक विनोद गुप्ता यांचा वाटा मोठा आहे. खरगपूर येथील आयआयटीचे पदवीधर असलेले गुप्ता ओमाहा येथे फिरती घरे बनवणाऱ्या एका कंपनीत नोकरीला होते. अशा घरांच्या विक्रेत्यांची यादी तयार करण्याचे काम त्यांच्याकडे आले, तेव्हा त्यांनी देशभरातील दूरध्वनी निर्देशिका मागवून त्यांतून नावे वेचली. या अनुभवातून त्यांनी १९७२ मध्ये स्वतःची कंपनी सुरू केली. सर्वांना उपलब्ध असलेली माहिती वेचून, तिचे वर्गीकरण करून ती विकणे हे या व्यवसायाचे मूळ सूत्र आजही कायम आहे.

भारतात १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेल्या पिनकोड पद्धतीमुळे पत्त्यांच्या याद्या विभागवार लावणे सोपे झाले. ही पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखली होती. १९९६ मध्ये जस्टडायल व इंडियामार्ट या सेवांची सुरुवात झाली आणि निर्देशिका कागदावरून दूरध्वनीवर व संगणकावर आली.

प्रकार

• संकलित यादी : निर्देशिका, शासकीय नोंदी इत्यादी सार्वजनिक स्रोतांतून गोळा केलेली. ही स्वस्त असते, पण तिच्यातील संस्थांना संबंधित वस्तूची गरज असेलच असे नाही.

• प्रतिसाद यादी : पूर्वी चौकशी वा खरेदी केलेल्यांची. ही महाग असते, परंतु विक्रीची शक्यता अधिक असते.

• स्वतःची यादी : जुने ग्राहक, अपुरे राहिलेले व्यवहार, प्रदर्शनात भेटलेल्या व्यक्ती यांची. हिला वेगळा खर्च जवळजवळ लागत नाही, तरीही लहान व्यवसायांत हिच्याकडेच सर्वाधिक दुर्लक्ष होते.

भाड्याने दिलेल्या यादीचा ठरलेल्यापेक्षा अधिक वेळा वापर होऊ नये म्हणून यादीचे मालक तिच्यात स्वतःच्या ओळखीचे काही पत्ते मुद्दाम पेरून ठेवतात. त्या पत्त्यांवर दुसऱ्यांदा पत्र आले की गैरवापर उघड होतो.

भारतातील अल्पखर्चिक स्रोत

कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर नोंदणीकृत कंपनीची मूलभूत माहिती पाहता येते. कंपनीचा २१ अक्षरांकांचा ओळख क्रमांकही बोलका असतो. त्यात उद्योगप्रकार, राज्य व स्थापनेचे वर्ष यांचे संकेत असतात. त्यामुळे नव्याने स्थापन झालेल्या कंपन्या वेगळ्या काढता येतात.

वस्तू व सेवा कराचा १५ अक्षरांकांचा क्रमांक ज्ञात असल्यास संबंधित नोंदणी चालू आहे की रद्द झाली आहे, हे विनामूल्य पडताळता येते. या क्रमांकाचे पहिले दोन अंक राज्य दर्शवतात. महाराष्ट्रासाठी ते २७, तर गोव्यासाठी ३० आहेत.

महाराष्ट्रात बांधकाम साहित्य, उद्वाहने, रंग किंवा अंतर्गत सजावट यांच्या विक्रेत्यांना महारेराच्या नोंदी विशेष उपयोगी पडतात. हे प्राधिकरण मे २०१७ पासून कार्यरत असून नोंदणीकृत प्रकल्पाचे ठिकाण, प्रवर्तक व प्रकल्प पूर्ण होण्याचा अपेक्षित दिनांक तेथे पाहता येतो. प्रकल्प कोणत्या टप्प्यावर आहे हे कळल्यामुळे कोणाला भेटावे याबरोबरच केव्हा भेटावे, हेही ठरवता येते.

व्यापारी व औद्योगिक संघटनांच्या सदस्यसूची हा आणखी एक स्रोत आहे. बॉम्बे चेंबर ऑफ कॉमर्स (१८३६), गोवा चेंबर (१९०८), वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने स्थापन झालेले महाराष्ट्र चेंबर (१९२७) व पुण्यातील मराठा चेंबर (१९३४) या जुन्या संघटना होत. याशिवाय औद्योगिक वसाहतींतील उद्योजक संघटना, निर्यात प्रोत्साहन परिषदा, प्रदर्शनांच्या सहभागी-सूची आणि वृत्तपत्रांतील निविदा सूचना यांचाही उपयोग होतो. वसाहतीत प्रत्यक्ष फिरून फलक टिपून घेण्याची जुनी पद्धत आजही प्रचलित असून अशा नोंदी सहसा सर्वांत ताज्या असतात.

किंमत व गुणवत्ता

यादीचा स्वस्तपणा दर नोंदीच्या किमतीवरून ठरवल्यास फसगत होते. उदाहरणार्थ, १,००० नोंदींची एक यादी १,००० रुपयांना मिळते, पण तिच्यातील ६०० नोंदी निरुपयोगी निघतात. दुसरी यादी २,००० रुपयांची असून तिच्यात केवळ १०० नोंदी निरुपयोगी आहेत, असे मानू. प्रत्येक दूरध्वनीमागे वेळेचा खर्च ५ रुपये धरल्यास पहिल्या यादीतील उपयोगी नोंद १५ रुपयांना, तर दुसरीतील सुमारे ७ रुपये ८० पैशांना पडते. दुप्पट किमतीची यादी अशा प्रकारे जवळजवळ निम्म्या खर्चाची ठरते.

संस्था स्थलांतर करतात, बंद पडतात, अधिकारी नोकऱ्या बदलतात. त्यामुळे कोणतीही यादी कालांतराने शिळी होते. म्हणून संपूर्ण यादी घेण्यापूर्वी थोड्या नोंदींचा नमुना मागवून त्यावर स्वतः दूरध्वनी करून पाहणे, शेवटच्या पडताळणीचा दिनांक विचारणे, दुबार नोंदी तपासणे आणि चुकीच्या नोंदींची भरपाई लेखी मान्य करून घेणे, ही खबरदारी आवश्यक मानली जाते.

कायदेशीर चौकट

१९९५ मध्ये टाटा प्रेस विरुद्ध महानगर टेलिफोन निगम या मुंबईतील ‘यलो पेजेस’विषयक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने व्यापारी जाहिरात हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग असल्याचा निर्णय दिला. त्याच वर्षी बर्लिंग्टन होम शॉपिंग खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने श्रमपूर्वक संकलित केलेल्या ग्राहकसूचीला प्रताधिकाराचे संरक्षण मान्य केले. मात्र केवळ श्रम पुरेसे नाहीत, संकलनात काही कौशल्य व निर्णयबुद्धी दिसली पाहिजे, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये ईस्टर्न बुक कंपनी खटल्यात घेतली. अमेरिकेतील सर्वोच्च न्यायालयानेही १९९१ मध्ये दूरध्वनी निर्देशिकेतील निव्वळ नाव-क्रमांकांना प्रताधिकार नाकारला होता.

दूरध्वनी व लघुसंदेशांद्वारे केल्या जाणाऱ्या प्रचाराला दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे २०१८ चे विनियम लागू आहेत. त्यांनुसार प्रचारकर्त्याला नोंदणी करावी लागते व ग्राहकाला १९०९ या क्रमांकावर नकार नोंदवता येतो. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ अन्वये वैयक्तिक माहितीच्या वापरासाठी संमती किंवा कायद्याने मान्य केलेले कारण आवश्यक आहे. संबंधित व्यक्तीने स्वतः सार्वजनिक केलेली माहिती त्यातून वगळली आहे. कंपनीचे नाव व पत्ता ही वैयक्तिक माहिती नव्हे, परंतु एकट्या मालकाच्या दुकानाचा भ्रमणध्वनी क्रमांक हा त्या व्यक्तीचाही क्रमांक असतो. लघुउद्योगांच्या याद्यांत ही सीमारेषा वारंवार पुसट होते.

टीका

अत्यल्प किमतीत लाखो क्रमांक देऊ करणाऱ्या याद्यांवर सर्वाधिक टीका होते. अशी माहिती कोठून आली हे विक्रेता सांगत नाही. ती संमतीविना फुटलेली असल्यास तोटा ज्यांचे क्रमांक विकले गेले त्यांचा होतोच, शिवाय ती विकत घेणारा उद्योजकही तक्रारींत अडकतो आणि त्याची दूरसंचार जोडणी खंडित होऊ शकते. नको असलेल्या संपर्कांमुळे लोक अनोळखी क्रमांक उचलणेच टाळतात आणि त्याची झळ प्रामाणिक विक्रेत्यालाही बसते. त्यामुळे लहान, स्वतः पडताळलेली व स्रोत ज्ञात असलेली यादी अधिक विश्वासार्ह समजली जाते.

हे सुद्धा पहा

• विपणन
• प्रताधिकार
• पिनकोड
• माहितीची गोपनीयता