चुकून पडलेले ग्लिसरीन

रेणूचे वजन कसे करतात? मास स्पेक्ट्रोमीटर नावाच्या यंत्राने. पण त्यासाठी रेणूला विद्युतभार घेऊन उडावे लागते. तापवलेली साखर करपते, तसे प्रथिनांचे मोठे रेणू या खटाटोपात तुटून जात.

१९८५ साली क्योटोच्या शिमाद्झू कंपनीत कोइची तनाका याच अडचणीशी झगडत होते. वय पंचवीस, पदवी विद्युत अभियांत्रिकीची. एकदा कोबाल्टच्या बारीक भुकटीत त्यांच्या हातून ॲसिटोनऐवजी ग्लिसरीन पडले. भुकटी महागडी, फेकवेना. तेच मिश्रण त्यांनी लेसरखाली धरले आणि रेणू अखंड उडाला! पुढे प्रथिनेही तोलता आली.

२००२ साली रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये अमेरिकेचे जॉन फेन यांच्यासोबत त्यांचेही नाव आले. जर्मनीच्या हिलेनकाम्प आणि कारास यांना मात्र त्यात स्थान नव्हते. प्रयोगशाळांत अधिक रुळली ती त्यांचीच रीत. त्यामुळे मानकरी कोण, यावर वाद झाला.

तनाका कामावरच राहिले. २०१८ साली त्यांच्या सहभागातील संशोधनाने अल्झायमरशी निगडित प्रथिनाचा माग रक्तात काढून दाखवला. मानाचा वाद वादाच्या जागी. विस्मरणाच्या उंबरठ्यावरच्या माणसाला हवा असतो तो वेळीच मिळालेला इशारा.