ओडरब्रुख : नदीकडून घेतलेली जमीन

जर्मनी आणि पोलंड यांच्या सीमेवरून वाहणाऱ्या ओडर नदीचा सविस्तर नकाशा उघडला, तर बर्लिनच्या पूर्वेस सुमारे ६० किलोमीटरवर गावांची नावे जोडीजोडीने दिसतात. आल्टलेवीन आणि नॉयलेवीन, आल्टट्रेबीन आणि नॉयट्रेबीन, आल्टबार्निम आणि नॉयबार्निम. 'आल्ट' म्हणजे जुने आणि 'नॉय' म्हणजे नवे. आपल्याकडे बुद्रुक आणि खुर्द अशी जोडी दिसली की गावाच्या वाटणीचा काही इतिहास असणार, हे आपण ओळखतो. इथेही तसेच आहे. पण इथे आणखी एक चमत्कारिक गोष्ट आढळते. गावांप्रमाणे नद्याही दोन आहेत. पूर्वेकडे ओडर, आणि पश्चिमेकडे वळणे घेत जाणारा एक क्षीण प्रवाह, त्याचे नाव 'जुनी ओडर'. नदी जुनी कशी होते? या प्रश्नाचे उत्तर शोधताना भूगोल, गणित आणि अर्थशास्त्र हे तिन्ही विषय आपल्याला एकत्र भेटतात.

या प्रदेशाचे नाव ओडरब्रुख. 'ब्रुख' म्हणजे दलदल. हिमयुगात तयार झालेले हे सुमारे ६० किलोमीटर लांब आणि १२ ते २० किलोमीटर रुंद असे सपाट खोरे आहे. दोन्ही बाजूंना उंचवटे आणि मध्ये परातीसारखी सखल जमीन. उतार इतका मंद की नदीला धड एक पात्र नव्हतेच, ती अनेक फाट्यांनी पसरत असे. वर्षातून दोनदा पूर येई. पहिला वसंतात, बर्फ वितळल्यावर. दुसरा जूनच्या सुमारास, उगमाकडील डोंगरांतल्या पावसाने. पूर ओसरेपर्यंत गावागावांत होडीनेच जावे लागे.

अशा ठिकाणी कोण राहणार? पण लोक राहत होते, आणि त्यांचे बरे चालले होते. उंचवट्यांवर दाटीने वसलेली ही गावे मच्छीमारांची. जमिनीवर पीक नव्हते, पण पाण्यात होते. नदीतले मासे, कवचधारी क्रेफिश, पाणपक्षी आणि कुरणांतले गवत यांवर त्यांचा संसार चाले. खोऱ्याच्या पश्चिम कडेच्या व्रीत्सेन या गावी मोठा मासळीबाजार भरे. पाईक नावाचा शिकारी मासा चिरून, खारवून, पिंपांत भरून दूरदेशी पाठवणाऱ्यांचा तिथे एक स्वतंत्र व्यवसायसंघ होता. म्हणजे ही पडीक जमीन नव्हती. तिचे उत्पन्न राजाच्या महसुलाच्या वहीत नीट बसत नव्हते, एवढेच.

प्रशियाचा राजा फ्रेडरिक दुसरा याला धान्य हवे होते आणि प्रजाही वाढवायची होती. त्याच्या वडिलांनी खोऱ्याच्या वरच्या, दक्षिणेकडील भागात बांध घातलेच होते. त्यामुळे तिकडे पसरू न शकणारे पाणी खालच्या भागात अधिक जोराने येऊ लागले होते. १७४७ साली सिमोन लिओनहार्ड फान हार्लेम या बांधकामाच्या तज्ज्ञाने खालचा भाग कोरडा करण्याची योजना मांडली. ती तपासण्यासाठी नेमलेल्या मंडळींमध्ये बर्लिनच्या विज्ञान अकादमीतला थोर गणिती लिओनहार्ड ऑयलर होता, हे आम्ही मुद्दाम सांगतो. ऑयलरचे नाव आपण विद्यार्थ्यांना सूत्रांच्या संदर्भात सांगतो. त्याने या दलदलीचीही पाहणी केली होती, हे सांगायला हरकत नाही.

योजना समजायला सोपी होती. नदी पश्चिमेकडे मोठे वळण घेई. ग्युस्टेबीझे या गावापासून होहेनझाटेनच्या दिशेने पूर्वेकडून सुमारे २० किलोमीटरचा सरळ कालवा खणायचा आणि नदी त्यात वळवायची. त्यामुळे तिची वाट सुमारे २५ किलोमीटरने कमी होणार होती. आता वर्गात हे गणित करून पाहू या. आधी सुमारे ४५ किलोमीटरमध्ये नदी जेवढी उतरत होती, तेवढीच आता २० किलोमीटरमध्ये उतरणार. म्हणजे उतार सव्वादोन पट झाला. उतार वाढला की वेग वाढतो, पाणी लवकर निघून जाते आणि पात्रही खोल कोरले जाते. फावडी आणि हातगाड्या यांच्या बळावर, चिखलात आणि तापाच्या साथीत काम चालले. मजूर पुरेनात म्हणून सैनिकही लावले. २ जुलै १७५३ रोजी नव्या पात्रात पाणी सोडले गेले, आणि बांधांसह काम १७६२ पर्यंत पुरे झाले. सुमारे ३२,००० हेक्टर जमीन मोकळी झाली.

जमिनीवर माणसे आणायची होती. फाल्त्स, सॅक्सनी, व्युर्टेम्बर्ग, मेक्लेनबुर्ग, ऑस्ट्रिया, पोलंड अशा ठिकाणांहून सुमारे १,३०० कुटुंबे आली. त्यांना जमीन, काही वर्षे करमाफी, सैन्यभरतीतून सूट आणि धर्माचे स्वातंत्र्य मिळाले. 'नॉय' नावाची गावे ती हीच. गाळाची जमीन जड, पण कसदार. गहू, ओट, पुढे साखरेचे बीट, भाजीपाला आणि बदके-हंस यांचे उत्पादन सुरू झाले. बर्लिनची बाजारपेठ जवळच होती, आणि १८६०च्या दशकात रेल्वे व्रीत्सेनला पोचल्यावर ती आणखी जवळ आली. खोऱ्याच्या कडेवरच्या मोग्लिन येथे आल्ब्रेख्ट टेअर या वैद्याने १८०६ साली शेतीशिक्षणाची संस्था काढली आणि पिकांच्या फेरपालटीचा प्रसार केला. वनस्पती कुजलेल्या पदार्थांवर, म्हणजे ह्यूमसवर, पोसतात असे त्याचे मत होते. त्याचाच विद्यार्थी कार्ल श्प्रेंगेल याने पुढे दाखवून दिले की त्यांचे खरे पोषण खनिज क्षारांतून होते.

एकाचे भले होत असताना दुसऱ्याचे काय झाले? जुन्या गावांतल्या मच्छीमारांचा धंदा पाण्याबरोबर गेला. त्यांनी विरोध केला, बांधांना इजाही पोचवली. त्यांवर पहारे ठेवावे लागले. पुढे त्यांनीही नांगर धरला. नव्या जमिनीची किंमत मोजताना हा खर्च कोणी धरला नव्हता.

दुसरा खर्च निसर्गाने मांडला, आणि तो आजही चुकवावा लागतो. ओडरब्रुखची जमीन पश्चिमेकडे व उत्तरेकडे उतरते. म्हणजे जुने वळण सर्वांत सखल भागातून जात होते, ते स्वाभाविकच होते. नवे पात्र मात्र पूर्वेकडच्या उंच बाजूने काढले. परिणामी पुराच्या वेळी नदीची पातळी शेतांपेक्षा उंच असते. बांध फुटला नाही तरी पाणी वाळूच्या थरांतून पाझरून शेतात उगवते. त्यासाठी शेकडो किलोमीटर चर काढावे लागले. जुन्या ओडरचे वरचे मुख १८३२ साली बंद केले, तरी खालच्या मुखातून पुराचे पाणी मागे चढत असे. म्हणून बांध खाली वाढवत निचऱ्याचे मुख आणखी खाली न्यावे लागले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वाफेचे पंप आले. आज ते विजेवर चालतात. ते थांबले तर ओडरब्रुख पुन्हा 'ब्रुख' होऊ लागेल.

मार्च १९४७ मध्ये, युद्धाने बांध खिळखिळे झालेले असताना, बर्फाचे तुकडे अडकून पाणी तुंबले आणि राइटवाइनजवळ बांध फुटला. २०,००० हून अधिक लोक बेघर झाले. १९९७च्या जुलै-ऑगस्टमध्ये चेक प्रजासत्ताक आणि पोलंडमधील अतिवृष्टीने महापूर आला. होहेनवुत्सेनजवळ बांध खचू लागला, गावे रिकामी केली गेली. सैनिक आणि स्वयंसेवक यांनी वाळूची पोती रचून तो कसाबसा वाचवला. ऑगस्ट २०२२ मध्ये संकट उलटे आले. पाणी कमी, ऊन जास्त, आणि वरच्या बाजूने आलेले क्षारयुक्त सांडपाणी. अशा पाण्यात खाऱ्या पाण्यातले 'प्रिम्नेझियम' नावाचे शैवाल फोफावले आणि त्याच्या विषाने शेकडो टन मासे मेले. ज्या नदीच्या मासळीवर एके काळी अख्खा प्रदेश जगत होता, तिची ही अवस्था झाली.

त्याच वर्षी ओडरब्रुखला युरोपीय वारसा मानचिन्ह मिळाले. ते योग्यच आहे, कारण हा प्रदेश माणसाच्या हिकमतीचे उत्तम उदाहरण आहे. पण फ्रेडरिकच्या हिशेबात दलदलीचे मूल्य शून्य धरले होते, आणि काम १७६२ साली संपले असे मानले होते. या दोन्ही गोष्टी चुकीच्या ठरल्या. आपल्या विद्यार्थ्यांनी एखाद्या जमिनीसमोर 'पडीक' असा शेरा वाचला, तर त्यांनी दोन प्रश्न विचारावेत : आज तिच्यावर कोण जगते आहे, आणि ती बदलल्यावर तिची देखभाल किती वर्षे, कोणाच्या खर्चाने करावी लागेल?