दमणची वाट

एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या तीस-चाळीस वर्षांत माळव्यातून निघालेली अफूची पेटी दमणच्या बंदरास कोणत्या वाटेने पोहोचत असे, हे पाहिले म्हणजे प्रथम मनात येते की, या व्यापाऱ्यांना भूगोल ठाऊक नव्हता की काय! उज्जैनहून दमण सरळ रेषेने तीनशे मैलांच्या आत आहे. पण पेटी नैर्ऋत्येस न वळता वायव्येस, मारवाडातील पालीकडे निघे. तेथून जैसलमेर, पुढे सिंधची वाळू, मग कराची. आणि कराचीस गलबतात चढून ती पुन्हा दक्षिणेस दमणला येई. चौपट अंतर, उंटांचे भाडे, वाटेवरच्या प्रत्येक संस्थानाची आणि सिंधच्या अमिरांची जकात. एवढा द्राविडी प्राणायाम कशासाठी? तर या साऱ्या वाटेवर ईस्ट इंडिया कंपनीच्या हद्दीत पाऊल टाकण्याचा प्रसंग येत नसे, एवढ्याचसाठी.

कंपनीने १७७३ साली बंगालच्या अफूचा मक्ता आपल्या हाती घेतला होता. माळव्याची अफू चीनच्या बाजारात त्या मक्त्याच्या मुळावर येणार, हे दिसू लागताच मुंबई सरकारने १८०५ च्या सुमारास आपल्या बंदरांतून तिची निर्गत बंद केली. पण ही बंदी कंपनीच्या मुलखापुरती. माळव्यात अफू पिकविणे, विकत घेणे, तिच्यावर उचल देणे, यांपैकी काहीच कोणत्याही कायद्याविरुद्ध नव्हते; शिंदे-होळकरांचे दरबार तिच्यावर राजरोस कर घेत होते. दमणला पोर्तुगिजांचा अंमल. तेथे ती उतरवून घेण्यास व मकाव बंदराकडे रवाना करण्यास कोणाचा प्रतिबंध नव्हता. एका राज्यात निषिद्ध, दुसऱ्यात विहित आणि तिसऱ्यात स्वागतार्ह, अशा तीन कायद्यांच्या सांदीत हा व्यापार वाढला.

महिदपूरच्या लढाईनंतर, १८१८ च्या मंदसोरच्या तहाने, माळव्यावर इंग्रजांचे वर्चस्व स्थापन झाले. आता ही सांद बुजेल, अशी कंपनीची कल्पना होती. तिने प्रथम स्वतःच माळव्यात अफू खरेदी करून पाहिली. आपले अडते तिने तेथे बसविले; परंतु सरकार गिऱ्हाईक म्हणून बाजारात उतरताच भाव चढले आणि लागवड उलट वाढली. मग राजेरजवाड्यांशी करार करून पीक व वाहतूक यांना आळा घालण्याचा उद्योग झाला. होळकर दरबाराने आणि राजपुतान्यातील काही संस्थानांनी असे करार केले. शिंद्यांनी मात्र केला नाही. आणि उज्जैन व मंदसोर ही दोन्ही मोठी पेठेची ठिकाणे शिंद्यांच्याच मुलखात असल्यामुळे बाकीचे करार कागदावरच राहिले.

अखेरीस १८३०-३१ साली कंपनीने हात टेकले. पेटीमागे १७५ रुपये भरून परवाना घ्यावा आणि माल उघडपणे मुंबईस न्यावा, असा नियम झाला. काल जो चोरटा माल होता तो आज १७५ रुपयांत शुद्ध झाला. पेटी तीच, वजन तेच सुमारे १४० पौंड. तरीही दमणची वाट ओस पडेना, म्हणून १८३५ मध्ये हा दर १२५ वर उतरविण्यात आला. परवान्याचा दर ठरविताना अफूच्या गुणदोषांचा विचार नव्हता. कराचीच्या वाटेला किती खर्च येतो, एवढाच हिशेब होता. याचा पुरावा पुढील आकड्यांत आहे. १८४३ मध्ये सिंध जिंकला गेला आणि कराचीची वाट बंद झाली. त्याच वर्षी दर २०० झाला, १८४५ मध्ये ३०० आणि १८४७ मध्ये ४००. दमणचे बंदर त्यानंतर जे बसले ते पुन्हा उठले नाही.

त्या बंदराच्या भरभराटीच्या काळाशी एका गोमंतकीयाचे नाव निगडित आहे. मुंबईत पेढी असलेला रोजेरिओ दि फारिया हा चीनच्या अफूव्यापारातील अग्रगण्य व्यापाऱ्यांपैकी एक होता. १८३५ साली गोव्याच्या गादीवर आलेले पहिले गोमंतकीय अधिपती बेर्नार्दो पेरिश द सिल्वा काही आठवड्यांतच पदच्युत झाले, तेव्हा त्यांच्यामागे पैसा उभा केला तो या फारियाने. गोव्याच्या राजकीय इतिहासातील एका उदात्त प्रकरणाला हा धागा चिकटलेला आहे. तो तोडून टाकावा असे कोणाला वाटले तर त्याचे मन समजू शकते; पण इतिहासलेखकाला ती मुभा नाही.

आता दुसऱ्या बाजूस वळू. माळव्याच्या सावकाराला चोर म्हणणारी कंपनी स्वतः कोठे उभी होती? चीनच्या बादशहाने १७२९ सालीच ओढण्याच्या अफूच्या विक्रीवर बंदी घातली होती आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस आयातही निषिद्ध झाली होती. कंपनीला कँटनमध्ये चहा खरेदी करावयाचा असे. तेव्हा तेथील कायद्याचा उघड भंग तिला परवडणारा नव्हता. म्हणून तिने आपल्या जहाजांवर अफू चढविण्यास मनाई केली. अफू कलकत्त्यास लिलावाने विकावयाची. पुढे ती खाजगी व्यापाऱ्याने कोठे न्यावी, हे जणू कंपनीला ठाऊकच नाही! त्या व्यापाऱ्याचे जहाज लिंटिन बेटाजवळ नांगरलेल्या गोदाम-जहाजांवर माल उतरवी, चिनी दलालांच्या वल्ह्यांच्या होड्या तो रोख चांदी मोजून उचलीत, आणि ती चांदी कंपनीच्याच कँटनच्या खजिन्यात भरून व्यापारी लंडनची किंवा कलकत्त्याची हुंडी घेई. त्याच चांदीने कंपनी चहा विकत घेई. गंमतीची गोष्ट अशी की, कलकत्त्याहून निघणाऱ्या या खाजगी जहाजांच्या परवान्यांत कंपनीच्या लिलावाखेरीज दुसरी अफू नेऊ नये, अशी अट असे. निषिद्ध देशात माल नेण्यास हरकत नव्हती. तो परक्या घरचा असू नये, एवढेच.

आमच्या मते या प्रकरणातील मर्माची गोष्ट हीच आहे. सांद व्यापाऱ्याने शोधून काढली असे आपण समजतो. वस्तुतः ती राखणारे सरकार स्वतः तिच्याहून मोठ्या सांदीत वस्ती करून होते.

डॉ. अमर फारूकी यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात या चोरट्या व्यापारास कंपनीच्या मक्त्याला दिलेला शह असे मानले आहे. पश्चिम हिंदुस्थानच्या देशी भांडवलाची उभारणी त्यातून झाली, हे त्यांचे म्हणणे साधार आहे. सर जमशेटजी जीजीभाईंची संपत्ती चीनच्या व्यापारातली, आणि तीत अफूचा वाटा मोठा होता. मुंबईचे रुग्णालय, चित्रकलेची शाळा, माहीमचा पूल, पुण्याचा नदीवरील बंधारा यांना त्याच हातांनी साहाय्य केले. शह होता, हे आम्हांस मान्य आहे. पण शह देणाऱ्याने १८३१ नंतर काय केले? परवाना मिळताच तो त्याच सरकारचा नेमस्त करदाता झाला. त्याची तक्रार परवान्याच्या दराविषयी होती, व्यापाराविषयी नव्हती.

त्याला परिणामाची जाणीव नव्हती, असेही म्हणता येत नाही. १८३९ मध्ये कमिशनर लिन याने कँटनला वीस हजारांहून अधिक पेट्या जप्त करून नष्ट केल्या. त्यांत मुंबईच्या व्यापाऱ्यांचा मालही होता. ज्या भूमीवर जो माल बाळगणे हाच गुन्हा होता, त्याची भरपाई त्यांनी ब्रिटिश सरकारकडे मागितली. कारण इंग्रजांचा प्रतिनिधी इलियट याने माल सरकारच्या नावाने ताब्यात घेऊन चिन्यांना दिला होता. युद्ध झाले. १८४२ च्या नानकिंगच्या तहाने चीनवर दोन कोटी दहा लाख डॉलर बसले, पैकी साठ लाख अफूच्या भरपाईचे. व्यापाऱ्यांचे रडगाणे एवढेच होते की, रक्कम अपुरी आली.

आणि माळव्याचा शेतकरी? मागशीर्षाच्या सुमारास रोप लागते, माघ-फाल्गुनात बोंडाला चिरा द्यावयाच्या, पहाटे चीक खरवडून तो जवसाच्या तेलात ठेवावयाचा. कामाला घरची बायकामुले. उचल सावकाराची, म्हणून भावही सावकाराचा. दमणची वाट चालू होती तेव्हाही आणि परवाना आला तेव्हाही त्याच्या घरी हिशेबाची वही तीच राहिली.

त्या काळी दुसऱ्या तऱ्हेने विचार करणे शक्यच नव्हते, असा एक बचाव केला जातो. तो टिकत नाही. दादाभाई नौरोजींनी लंडनमधील कामा कंपनीची भागीदारी सोडली, त्यामागे अफू-दारूच्या नफ्याविषयीचा त्यांचा तिटकारा हे एक कारण होते. आणि ही पेढी सर्वस्वी कायदेशीर होती. पुण्याच्या सुंदराबाई पवार यांनी इंग्लंडमध्ये गावोगाव व्याख्याने देऊन १८९२ साली अफूविरुद्ध एक इंग्रजी आरोपपत्रच प्रसिद्ध केले. आमच्या मराठी चरित्रकोशांनी या बाईंची जेवढी दखल घ्यावयास हवी होती तेवढी घेतलेली नाही. त्यानंतर रॉयल कमिशन बसले आणि १८९५ मध्ये त्याने बंदीची गरज नसल्याचा निर्वाळा दिला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर सरकारी महसुलाचा सुमारे सातवा हिस्सा अफूचा होता, हे ध्यानात घेतले म्हणजे या निर्वाळ्याचे नवल वाटत नाही.

चीनकडील निर्गत १९१३ मध्ये थांबली. मंदसोर, नीमच आणि रतलाम या भागांत खसखशीची पांढरी फुले मात्र अजून दर वर्षी फुलतात. औषधासाठी ही लागवड होते, तिला केंद्र सरकारचा परवाना लागतो, आणि तो देणाऱ्या खात्याची मुख्य कचेरी ग्वाल्हेरीस आहे. चीक काढण्याचा परवाना ज्याला मिळतो, त्याने निघालेला सारा चीक सरकारी काट्यावर आणून घातला पाहिजे. नियमाने ठरलेल्यापेक्षा तो कमी भरला तर पुढल्या हंगामाचा परवाना जातो.