गुंजनपक्ष्याचा पाहुणचार



बागेतील जास्वंदीत चोच खुपसून मध पिणारा शिंजीर दिसला, म्हणजे घरातील मुले "हमिंग-बर्ड आला!" म्हणून ओरडतात. मुलांना तरी काय बोल लावावा? थोरांचीही तीच समजूत असते. परंतु शिंजीर निराळा आणि हमिंग-बर्ड निराळा. पंखांच्या गुणगुणण्यावरून ज्याला गुंजनपक्षी म्हणावे तो हा पक्षी आपल्या खंडात मुळीच नाही. त्याच्या साडेतीनशेंवर जाती आहेत आणि त्या सर्व अमेरिकेतील. त्यांपैकी माणकासारख्या लाल गळ्याची एक जात उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागात उन्हाळा काढते आणि शरद ऋतू लागताच मेक्सिको व मध्य अमेरिकेकडे निघते. वजन म्हणाल तर तीन मासे, म्हणजे पाव तोळा. या पाव तोळ्याच्या प्रवाशाचा वाटेत पाहुणचार करण्याची रीत तिकडे कशी पडली, तेवढेच आज सांगावयाचे आहे.

आरंभ पाहुणचाराने झाला नाही. १८५१ साली लंडनमध्ये जगातील कलाकौशल्याचे मोठे प्रदर्शन भरले. त्याच सुमारास जॉन गूल्ड या पक्षिशास्त्रज्ञाने तेथील प्राणिसंग्रहालयाच्या बागेत, पेंढा भरलेले गुंजनपक्षी काचेच्या पेट्यांतून मांडले. पाऊण लाख लोक ते पाहून गेले. राणी व्हिक्टोरियाही त्यांत होती. गूल्ड त्या वेळी या पक्ष्यांवरील आपला प्रचंड सचित्र ग्रंथ खंडशः प्रसिद्ध करीत होता. आणि गंमत अशी की, या पक्ष्यांचा एवढा मोठा जाणकार, पण जिवंत गुंजनपक्षी त्याने एकही पाहिलेला नव्हता! तो योग १८५७ मध्ये आला. फिलाडेल्फियाच्या एका जुन्या बागेत त्याला पहिला जिवंत पक्षी दिसला. पुढे त्याने काही पक्षी पकडले, जाळीच्या लहानशा पिशवीत घालून ती पिशवी कोटाच्या गुंडीला अडकविली आणि बाटलीतून साखरेचे पाणी पाजीत तो प्रवास करू लागला. इंग्लंडला पोहोचल्यावर ते बिचारे थोड्याच अवधीत मेले. साखरेच्या पाण्याची बाटली या इतिहासात अशी प्रथम दिसते ती कैद्याच्या तोंडाशी.

गूल्डच्या पेट्या निदान विद्येसाठी होत्या. पुढे फॅशनचे राज्य आले. गुंजनपक्ष्यांची कातडी हजारोंनी लंडनच्या लिलावांत विकली जाऊ लागली. कारण विलायतेतील व अमेरिकेतील स्त्रियांच्या टोप्यांवर पिसे, पंख, किंबहुना सबंध पक्षी मिरवण्याची चाल पडली होती. १८८६ साली फ्रँक चॅपमन हा तरुण पक्षिप्रेमी न्यूयॉर्कच्या बाजारपेठेत दोन वेळा फेरफटका करून टोप्या मोजून आला. सातशे टोप्यांपैकी ५४२ टोप्यांवर पिसे होती. पक्षिनिरीक्षणासाठी रानात जाण्याची गरजच उरली नव्हती, असे कोणी म्हणाले असते तर ते खोटे ठरले नसते.

याच चॅपमनने १८९९ मध्ये 'बर्ड-लोअर' नावाचे नियतकालिक काढले आणि दुसऱ्याच वर्षी त्यात मॅसॅच्युसेट्समधील कॅरोलाइन सूल या बाईंचा एक छोटा लेख आला. बाईंनी जाड कागदाचे कर्ण्याच्या आकाराचे फूल केले, ते जलरंगांनी रंगविले, आत इवलीशी बाटली बसवून तीत साखरेचे पाणी घातले आणि ते बागेत लावले. पक्षी आला, प्याला, पुन्हा आला. मला या कागदी फुलाचे महत्त्व कायद्याच्या कलमांहून कमी वाटत नाही. कायदा १९१८ साली झाला, आणि स्थलांतर करणारे पक्षी मारणे किंवा बाळगणे हा अमेरिकेत गुन्हा ठरला. परंतु मारू नका असे सांगणे निराळे आणि ये, बैस, पी असे म्हणणे निराळे.

पाहुणचाराची खरी वेळ शरदाची. जुलैच्या अखेरीपासूनच प्रौढ नर निघू लागतात. मागून माद्या आणि सर्वांत शेवटी त्याच वर्षीची पिले. सप्टेंबरात बागेत येणाऱ्यांचे गळे बहुधा पांढरे असतात ते यामुळेच. थवा नाही, वाटाड्या नाही. पिलू आपला पहिला प्रवास एकट्याने करते. या दिवसांत तेथील ओढ्यांच्या काठी नारिंगी फुलांचे एक रोप फुलते. ते आपल्या तेरड्याचे सख्खे भावंड. बोट लागताच त्याचीही बोंडे तशीच फुटतात. त्यातील मध पिऊन, बारीकसारीक किडे टिपून पक्षी अंगावर चरबी चढवितो, इतकी की तीन माशांचा पक्षी कधी कधी जवळजवळ दुप्पट होतो.

ही चरबी कशासाठी? मेक्सिकोच्या आखाताची रुंदी त्याच्या वाटेवर सुमारे पाचशे मैल आहे. पुष्कळ पक्षी किनाऱ्याकिनाऱ्याने टेक्साससवरून जातात, तर काही सरळ समुद्रावर झेप घेतात. एवढासा जीव हे करील यावर लोकांचा विश्वास बसेना. तो रानहंसांच्या पाठीवर बसून जातो, अशी भोळी समजूत होती. विद्वानही घोटाळले. १९५० साली ऑलिव्हर पिअर्सन यांनी त्याच्या श्वासोच्छ्वासावरून हिशेब मांडला, तो पाचशे मैलांना पुरेना. १९६२ मध्ये रॉबर्ट लॅसिव्स्की यांनी अधिक काटेकोर मोजमाप केले, तेव्हा दोन मासे चरबीवर हा पक्षी एक अहोरात्र उडून सहाशे मैलांपलीकडे जाऊ शकेल असे निघाले. पक्षी अर्थातच दोन्ही उत्तरांची वाट न पाहता जात होता.

यजमानांचा विधी साधा आहे. एक भाग पांढरी साखर, चार भाग पाणी. रंग घालावयाचा नाही, मधही नाही, कारण मधाचे पाणी लवकर आंबते व त्यावर बुरशी धरते. उन्हाच्या दिवसांत दर दोन-तीन दिवसांनी बाटली धुवावी लागते. परंतु एका भीतीने या पाहुणचारात फार दिवस विघ्न आणले. बाटली टांगलेली राहिली तर पक्षी लोभाने थांबेल आणि थंडीत मरेल, असे समजून कित्येक घरांतून ती सप्टेंबरातच उतरविली जाई. वस्तुतः निघण्याची आज्ञा त्याला मुख्यतः दिवसमान लहान होऊ लागल्यामुळे मिळते, आणि बाटलीचा उपयोग होतो तो उत्तरेकडून उशिरा येणाऱ्या भुकेल्यांना.

ज्यांनी बाटल्या टांगत्या ठेवल्या, त्यांना आखाताच्या उत्तर किनाऱ्यावर ऐन हिवाळ्यात एक अनपेक्षित पाहुणा दिसू लागला: पश्चिमेकडील तांबूस जातीचा गुंजनपक्षी. वाट चुकलेला, आता मरणार, अशी त्याच्याबद्दल सर्वांना हळहळ वाटे. जानेवारी २०१० मध्ये फ्लॉरिडातील टॅलहॅसी येथे अशाच एका मादीच्या पायात अंक कोरलेले बारीक कडे घालून तिला सोडून दिले. त्याच वर्षीच्या जूनमध्ये अलास्कातील चनेगा बे येथे एक मादी पकडण्यात आली. अंतर साडेतीन हजार मैलांहून अधिक. कड्यावरचे अंक वाचले, ते टॅलहॅसीचे होते.